दुसऱ्या साक्षीदाराची जागा

लिहून ठेवणार: सुकन्या लडकू तरे, वय ४७, धंदा नाट्यकलावंत, पावसाळ्यात राहनाळच्या गोडाऊनमध्ये पॅकिंग. मूळ गाव काल्हेर, हल्ली राहणार निजामपुरा, भिवंडी, जिल्हा ठाणे.

मी वर लिहिलेली सुकन्या आज पूर्ण शुद्धीत आहे. सकाळी दोन चपात्या खाल्ल्या आहेत, औषध घेतले आहे आणि कोणी माझा हात धरून हे लिहून घेत नाही. येत्या बुधवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. असे म्हणणाऱ्या माणसांबरोबर मी पंचवीस वर्षे कामे केली. पडदा उघडायच्या आधी प्रत्येक गावचा नायक हेच म्हणायचा आणि पहिल्याच प्रवेशात वाक्य विसरायचा. म्हणून हे मृत्युपत्र करून ठेवते. याआधी मी असा कागद केलेला नाही.

वकीलसाहेबांनी दोन गोष्टी समजावल्या. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांनी माझ्यासमोर सही करायची, ही पहिली. ज्याला यातून काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, ही दुसरी. दुसरी गोष्ट ऐकून मला बरे वाटले. का ते शेवटी लिहिले आहे. मधली काही वाक्ये काढून टाका असे साहेबांचे म्हणणे होते. मी ती ठेवली आहेत, आणि टाइप करणाऱ्या मुलीनेही माझीच बाजू घेतली.

कलम १. घर.

निजामपुऱ्यातील माझ्या मालकीची खोली मी माझी भावजय सौ. निशा केसरीनाथ तरे हिला एकटीला देते. खोलीखाली चोवीस लूम आहेत. भिंत दिवसभर थरथरते, कपबशा आपोआप सरकतात. नवीन माणसाला झोप येत नाही. मला मात्र याच खटखटीवर पाठांतर व्हायचे, आणि शुक्रवारी लूम बंद असले की वाक्ये आठवायची नाहीत.

खोली निशाच्या नावावर का, असे कोणी विचारेल. काल्हेरचे शेत गोडाऊनवाल्याला गेले, त्या पैशांवर बंगला उभा राहिला, दारात गाडी आली, आणि त्या सगळ्या कागदांवर निशाचे नाव कुठेही नाही. माझ्या भावाच्या मनात तसे काही वाईट नाही, त्याला सुचलेच नाही. पुरुषांना पुष्कळ गोष्टी सुचत नाहीत. निशाने खोली भाड्याने द्यावी, विकावी किंवा घरात भांडण झाले की इथे येऊन दोन दिवस कुलूप लावून झोपावे. तिला जाब विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही.

अठरा वर्षे माझ्या भावाने माझा उंबरा ओलांडला नाही आणि अठरा वर्षे निशाने मला सुका जवळा, वाल आणि नव्या भाताचे तांदूळ पाठवले. निरोप नेहमी एकच, "घरात जास्त झालंय, ताई." काल्हेरात भातशेती राहिली नाही त्यालाही दहा वर्षे होतील. तरी नव्या भाताचे तांदूळ तिच्या घरात दर वर्षी जास्त होतातच.

कलम २. आरसा.

मोठा आरसा शेजारच्या आपाला द्यावा. मी बॅग घेऊन जिना उतरू लागले की आपा दारातून विचारायची, "आज कौनसे शौहर के साथ जा रही हो, सुकन्या?" मी गावाचे नाव सांगायची. ती म्हणायची, "पिछलेवाला अच्छा था, उसकी आवाज़ तो बुलंद थी." भिंतीपलीकडून माझ्या अकराही नाटकांतल्या स्त्री-भूमिका तिला पाठ झाल्या आहेत. एकदा ताप चढला असताना मी एक स्वगत अर्धे सोडले, तर पलीकडून तिने ते पूर्ण केले.

शौहरांचा खुलासा करणे आवश्यक आहे, नाहीतर हा कागद कोर्टात वेगळाच वाचला जाईल. आमच्याकडे गावदेवीच्या जत्रेला गावचे हौशी मंडळ नाटक बसवते. पुरुषांची कामे गावातलेच लोक करतात, स्त्री-भूमिकेला मात्र बाहेरून बाई आणायची रीत आहे. मी ती बाहेरची बाई. गावकरी तीन महिने तालीम करतात. बाई प्रयोगाच्या दिवशी दुपारी येते, एकच तालीम करते आणि रात्री नायकाची बायको होते. त्यामुळे मी अविवाहित असले तरी रंगमंचावर माझी दोनशेच्या वर लग्ने लागली आहेत. त्यातल्या एकाही नवऱ्याने मला त्रास दिला नाही. एक माझी छत्री घेऊन गेला, त्यालाही मी माफ करते. गावाचे नाव लिहीत नाही. छत्री लाल होती, त्याला कळेल.

कलम ३. नक्कला.

माझ्या अकरा नाटकांच्या नक्कला, म्हणजे माझी वाक्ये हाताने उतरून काढलेल्या वह्या, तसेच रंगाची पेटी आणि गंगावन, हे सर्व माझी भाची कु. रुचिका केसरीनाथ तरे हिला देते. रुचिका सतरा वर्षांची आहे. कॉलेजच्या एकांकिकेत तिला म्हातारीचे काम मिळाले, म्हणून ती रडत माझ्याकडे आली होती. मी तिला सांगितले, म्हातारीचे काम मिळालेली पोर पुढे सगळी कामे करते, सुंदर दिसायचे काम मिळालेली तिथेच राहते. हे खरे आहे की नाही मला ठाऊक नाही, पण तिचे रडणे थांबले.

तिने नाटक करावे की नाही, हे ती आणि तिचे आईबाप ठरवतील. ती माझ्यासारखी होईल याची तिच्या बापाला, केसरीला, भीती आहे, असे निशा म्हणते. त्याची भीती चुकीची नाही. मी फक्त वह्या देते, हट्ट देत नाही.

ऑडिशनबद्दल मात्र लिहून ठेवते, कारण तिला ते दुसरे कोणी सांगणार नाही. मी छत्तीस ऑडिशन दिल्या. जत्रांचा हंगाम आणि ऑडिशनचा फोन यांचे काय साटेलोटे आहे देव जाणे, पावसाळाभर एक फोन येत नाही आणि चैत्र लागला की रोज येतो. सकाळी अंधेरीत तोंडाला पावडर लावून रांगेत बसायचे, दुपारी ठाण्याहून एसटी धरून एखाद्या गावी तालमीला उभे राहायचे. एकदा मी अंधेरीत आईच्या भूमिकेसाठी गेले आणि घाईत जत्रेतल्या नाटकाची वाक्ये बोलून आले. समोरच्या मुलाने कॅमेरा बंद केला आणि म्हणाला, "मॅडम, यात नवऱ्याचा खून होत नाही."

सतरा ठिकाणी मला सांगितले की तुमच्या बोलण्यात गाव येते. मी पाच वर्षे तोंडातले गाव काढण्यात घालवली. मग २००६ साली एका मालिकेच्या ऑडिशनला बाई म्हणाल्या, तुमच्या घरच्या बोलीत काहीही बोला, कोणाशी तरी बोलताय असे समजा. मी केसरीशी बोलले. काय बोलले ते कलम ५ मध्ये येईल. काम मला मिळाले. नायिकेची आई, रोज चेहरा दिसणार होता. चित्रीकरणाची तारीख आली आणि त्याच दिवशी मी एका गावच्या नाटकाची सुपारी, म्हणजे कामाचा विसार, घेतलेली होती. मी मालिका सोडली.

लोकांनी मला वेडी म्हटले. नाटकांना पडदे पुरवणारा राघोदादा आठ दिवस बोलला नाही. पण अशाच एका सुपारीच्या पायी मी सख्ख्या भावाचा लग्नमांडव चुकवला होता. आता टीव्हीसाठी सुपारी मोडली असती, तर केसरीला कोणत्या तोंडाने सांगितले असते की त्या दिवशी माझा इलाज नव्हता?

कलम ४. कॅलेंडरे.

भिंतीवरची १९९२ पासूनची सगळी कॅलेंडरे रुचिकाला. रद्दीत घालू नयेत. प्रत्येकात अधिक महिना लाल शाईने घेरलेला आहे. ज्या वर्षी अधिक महिना नाही, त्या वर्षी वर कोपऱ्यात 'नाही' असे लिहिले आहे. येत्या साली, २०१० मध्ये, पुन्हा वैशाखच अधिक येतो. रुचिका, कोणी वैशाखातली तिथी सांगून बोलावले तर कोणता वैशाख ते आधी विचार. तुझ्या आत्याने एकदा विचारले नव्हते.

कलम ५. केसरीनाथ.

माझा धाकटा भाऊ श्री. केसरीनाथ लडकू तरे यास मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही. हे रागाने नाही.

आई गेली तेव्हा केसरी सहा वर्षांचा होता आणि मी नऊ. बाबा रेतीच्या होडीवर असायचे. केसरीचे केस वेणी घालण्यापुरते वाढले होते, कारण कापायला कोणाला सुचले नाही, म्हणून मी त्याची वेणी घालून त्याला शाळेत नेले आणि मास्तर हसले. मी पहिल्यांदा रंगमंचावर गेले तेव्हा तो विंगेत माझी चप्पल धरून बसला होता, चोरीला जाईल म्हणून.

१९९१ साली त्याचे लग्न ठरले. पहिल्या पगारातून त्याने माझ्यासाठी मोरपंखी साडी आणली. "ताई, करवलीच्या जागी ही नेस," म्हणाला. करवली म्हणजे नवऱ्याची बहीण. हातात कऱ्हा घेऊन ती त्याच्या मागे उभी राहते, आणि धवलारीण लग्नाच्या गाण्यात तिचे नाव घेते. आई नसलेल्या घरात त्या नावाला केवढे वजन असते, हे लिहून कळणार नाही.

त्या वर्षी खाडीपलीकडच्या एका गावाने मला 'वैशाखी पुनव' सांगून सुपारी दिली. मी कॅलेंडर पाहिले, एप्रिलअखेर वैशाखाची पौर्णिमा दिसली, तारीख लिहून घेतली. त्या दिवशी बॅग घेऊन गावात पोचले, तर देवळात एक म्हातारा खराटा मारत होता, बाकी शुकशुकाट. तो म्हणाला, "बाय, यो धोंड्याचा महिना हाय. धोंड्यात कंची जत्रा? जत्रा फुडल्या पुनवेला." मी हसले, तोही हसला, त्याने मला चहा पाजला. परतताना होडीत बसल्यावर माझ्या लक्षात आले, पुढच्या पौर्णिमेला केसरीचे लग्न आहे.

सुपारी परत करायला गेले, तर मंडळाचे लोक हात जोडून उभे राहिले. दोन महिने तालीम झालेली, महिन्याभरात दुसरी बाई मिळायची नाही. लग्न गोरज मुहूर्ताचे, नाटक रात्रीचे. मी हिशेब केला: दुपारी तालीम, पाचला होडी, सहाला मांडवात, जेवणे झाली की ट्रकने परत. केसरीलाही सांगितले. तो म्हणाला, "ताई, तू येशील, मना ठाव हाय."

तालीम लांबली, कारण नायक घाबरला होता. होडी सुटायला साडेपाच झाले. पौर्णिमेला संध्याकाळी खाडी सुकते, हे काल्हेरचे शेंबडे पोरही सांगेल. ज्या बाईने दोन महिने पौर्णिमा, पौर्णिमा असा घोष केला, तिलाच ते आठवले नाही. मध्ये होडी चिखलात बसली. समोर आमच्या मांडवाची पताका दिसत होती, वाजंत्री ऐकू येत होती. मी मोरपंखी साडी नेसून चिखलात उतरले. मांडीपर्यंत रुतले, नावाड्याने ओढून परत वर घेतले.

भरतीचे पाणी येऊन होडी सुटली आणि मी पोचले, तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. कऱ्हा घेऊन माझ्या जागी शेजारची तुळजा उभी राहिली होती, आपल्या साध्या साडीत. धवलारणीने सवयीने माझेच नाव घेतले होते आणि मांडवातल्या बायका वळून तुळजाकडे बघत राहिल्या होत्या. केसरी माझ्या चिखलाकडे बघून म्हणाला, "मांडवात तुजी जागा दुसरीनं भरली, ताई. भरली ती भरली. तुजं नाटक तुला लखलाभ." त्याने मला बस म्हटले नाही. मी परत गेले आणि काम केले. खोटे कशाला लिहू, नाटक त्या दिवशी चांगले झाले, आणि ते मला आजही बोचते.

अंधेरीच्या ऑडिशनमध्ये मी जे बोलले ते असे: "केसरी, तुजा मांडव मी चुकवला. चूक माजीच हाय, खाडीची न्हाय. मना एकदा बस म्हन." कॅमेऱ्यामागची बाई रडली. ज्याला सांगायचे होते त्याला मी ते कधी सांगितले नाही. त्याच्या दारापर्यंत दोनदा गेले आणि गेटवरून परत आले. दोनशे गावांत हजारो लोकांसमोर बोललेल्या बाईला एका माणसासमोर बोलता येऊ नये, याला काय म्हणावे? आज इथे लिहिते. केसरी, चुकले माझे.

कलम ६. मोरपंखी साडी.

साडी ट्रंकेत तळाशी आहे. काठाचा चिखल धुतला, पण डाग राहिला. खरी ती तुळजाची आहे. ज्या दिवशी मी नव्हते त्या दिवशी ती उभी राहिली, आणि लोकांनी तिला त्याबद्दलही नावे ठेवली. मी तिला कधी रागाने बोलले नाही, पण कधी आभारही मानले नाहीत. तुळजाने या कागदावर साक्षीदार म्हणून सही केली, तर साडी रुचिकाला जावी. सही करावी लागली नाही, तर तुळजाला द्यावी. असे दुहेरी का, ते पुढच्या कलमात आहे.

कलम ७. साक्षीदार आणि व्यवस्था.

पहिला साक्षीदार आणि या मृत्युपत्राचा व्यवस्थापक राघो म्हात्रे, ड्रेपरीवाला. नाटकांना पडदे, कपडे, तलवारी भाड्याने देतो. साक्षीदार असल्यामुळे त्याला काही मिळणार नाही. हे कळल्यावर तो म्हणाला, "म्हंजे पंचवीस वर्सं तुजी ट्रंक उचलली, त्याचं हेच?" मी म्हटले, हेच. ट्रंक शेवटची एकदा उचलावी लागेल, एवढे त्याच्या लक्षात असू दे.

दुसऱ्या साक्षीदाराची जागा मी केसरीनाथसाठी ठेवली आहे. त्याला घर, वह्या, भांडे, काही दिलेले नाही ते याचसाठी. ज्याला काही मिळते तो साक्षीदार होऊ नये, आणि मला तो वारस म्हणून नको, माझ्या शेजारी उभा राहिलेला हवा आहे. त्याच्या लग्नात मी त्याच्या मागे उभी नव्हते. माझ्या कागदावर त्याने उभे राहावे असे म्हणण्याचा मला हक्क नाही, तरी म्हणते.

रुचिकाबरोबर निरोप पाठवला आहे: रविवारी सकाळी अकरा वाजता, निजामपुऱ्यात, माझ्या खोलीवर. दोन दिवस झाले, उत्तर नाही. रुचिका म्हणते, बाबांनी ऐकून घेतले आणि टीव्हीचा आवाज वाढवला. बुधवारच्या आत सही झालीच पाहिजे, म्हणून वकीलसाहेबांनी खाली तुळजाचे नाव टाइप करून ठेवले आहे. तुळजा तयार आहे. माझ्या घरच्या माणसांच्या जागा भरायची तिला सवय झाली आहे, बिचारीला.

तो आला नाही, तर कोणी त्याला दोष देऊ नये. अठरा वर्षांपूर्वी मीही वाटच बघायला लावली होती.

कलम ८. अंत्यविधी.

माझे बरे-वाईट झाले तर मला काल्हेरला खाडीकाठी न्यावे. ओहोटीच्या वेळी निघू नये. भाषणे नकोत. आपाला पुढे उभे राहू द्यावे, तिला दूरचे दिसत नाही. एखाद्या गावी त्या आठवड्यात नाटक असेल तर ते रद्द करू नये, बाई दुसरी शोधावी.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो माझाच आहे. प्रत्येक पानावर मी सही केली आहे.

ठिकाण: निजामपुरा, भिवंडी.
दिनांक: १३ डिसेंबर २००९, रविवार. मार्गशीर्ष वद्य द्वादशी, शके १९३१. अधिक महिना: नाही.

(सही) सुकन्या लडकू तरे

साक्षीदार पहिला:
(सही) राघो म्हात्रे, राहणार भिवंडी. काही मिळाले नाही.

साक्षीदार दुसरा:
टाइप केलेले नाव 'तुळजा नवशा भोईर' पेनाने खोडले आहे. खोडाखोड माझ्या संमतीने. साडी तुळजाला द्यावी. (सही) सुकन्या लडकू तरे

त्याखाली हाताने लिहिलेले:
केसरीनाथ लडकू तरे, राहणार काल्हेर. कागद वाचला न्हाय, वाचायची घाई पन न्हाय. बुधवारी हॉस्पिटलात ताईच्या मागं मी उभा हाय. येळ अकराची होती, मी साडेदहाला आलो. ताईनं बस म्हटलं, बसलो.
(सही)